गोबऱ्याची हरकत

सुनावणी मासळी बाजारात ठेवली होती, कारण पाण्याच्या टाकीची सोय तिथेच होती. लाटांनी खाल्लेला किनारा भरायला वाळू कुठून उपसायची, हे आता समुद्राच्या तळाशी राहणाऱ्यांना विचारूनच ठरे. त्यांचं म्हणणं दुभाषी यंत्र मराठीत सांगे.

पोशा तांडेल उठला. लाट त्याच्या घरापासून चार पावलांवर आली होती आणि चांगली वाळू होती ती नेमकी त्याच्या लाडक्या खडपाशेजारी, म्हणजे तो गळ टाकायचा त्या पाण्याखालच्या खडकाशेजारी.

"साहेब, माझं घर गेलं तरी चालेल, पण तिथली वाळू काढू नका. माझे गोबरे मासे मरतील."

"घरात मीही राहते हो!" मागून बायको म्हणाली.

टाकीतल्या म्हाताऱ्या गोबऱ्याने तोंड हलवलं. यंत्र बोललं, "वाळू खुशाल न्या, आम्ही सरकून राहू. आमची हरकत या माणसावर आहे."

"अरे, लहान म्हणून दोनदा गळातून सोडला तुला!" पोशाचा आवाज फाटला.

"सोडलास. पण दोन्ही वेळा म्हणालास, मोठा होऊन ये."

किनारा भरला, घर वाचलं. समुद्राकडच्या खिडकीला मात्र पोशाला कायमचा पडदा लावावा लागला. गोबऱ्यांवर त्याची नजर राहू नये म्हणून सुनावणीत तसंच ठरलं होतं.