कुंड्यांमागची तार

"आधी तार लावून मोज," सावेताबाई म्हणाल्या. "मग ते हवेतलं."

क्रीनाने तार संगणकाला जोडली. इंटरनेटचा वेग अडतीस. तार काढून मोजला, तरीही अडतीस.

बाकाउ शहरातल्या इमारतींमधून लोंबणाऱ्या इंटरनेटच्या तारा नगरपालिकेला शुक्रवारपर्यंत उतरवायच्या होत्या. बिनतारी वेग कमी पडतो असा अहवाल तपासणीला आलेल्या क्रीनाने दिला, तरच एखादी तार राहणार होती. ही तार गल्ली ओलांडून समोरच्या ग्लिगोरकाकांच्या गॅलरीत जात होती. वीस वर्षांपूर्वी दोन घरांनी मिळून घेतलेली.

"राहू दे गं ती," बाई चेरीचा मुरांबा पुढे करत म्हणाल्या. "माझा मुलगा डोरू तिकडे परदेशातून, सारागोसाहून, फोन करतो. त्याचा चेहरा अडकला की माझा जीव अडकतो."

"बिघडते का वारंवार?"

"दर गुरुवारी. ग्लिगोर येतात, पक्कड घेऊन. कॉफी पितात, जातात."

बाई पंचाहत्तरीच्या, पण हे सांगताना त्यांनी केस सारखे केले.

क्रीना समोरच्या इमारतीत गेली. ग्लिगोरकाकांच्या गॅलरीत ती करडी तार एका खिळ्याला बांधलेली होती. कशालाच जोडलेली नव्हती.

"काका, हे काय?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "आठ वर्षांपूर्वी वादळात तुटली. तिच्याकडे, कुंड्यांमागे. मी नुसती पट्टी गुंडाळली."

"जोडली का नाही?"

"जोडली असती, तर परत कोणत्या निमित्ताने गेलो असतो? तिच्या संगणकावर माझं बिनतारी चालू करून दिलं. पोराशी बोलणं थांबायला नको. तिला वाटतं, सगळं तारेतून येतं."

"एकदा सरळ सांगून टाका ना."

"आणि ती म्हणाली, इतकी वर्षं फसवलंत, तर?" काकांनी पक्कड कोटाच्या खिशात नीट ठेवली. "आज गुरुवार आहे, पोरी. अहवालात काय लिहितेस?"

क्रीनाला हसू आलं. नोकरीत पहिल्यांदाच ती धडधडीत खोटं लिहायला बसली: तारेने नव्वद, बिनतारी नऊ. तार आवश्यक.

सहीसाठी ती पुन्हा सावेताबाईंकडे आली. बाईंनी चष्मा लावून आकडे दोनदा वाचले.

"नऊ?"

"नऊच, काकू. तार राहील."

बाईंनी सावकाश सही केली. मग गल्लीपलीकडे बघत विचारलं, "ग्लिगोर काय म्हणाले तुला? वादळ?"

क्रीनाने अहवाल पिशवीत ठेवला.

"वादळच म्हणाले असणार. भोळा माणूस." सावेताबाईंनी टेबलावरचा शिवणाचा डबा उघडला. आत कात्रीखाली वीतभर करडी तार ठेवली होती, दोन्ही टोकांना सरळ कापलेली.