मोठ्यानं वाचलेला पासवर्ड

नेटवाल्यानं जळका मोडेम काढून नवा बसवला, तेव्हा बाईंनी विचारलं, "जुनाच दुरुस्त नाही का रे होणार?"

"मावशी, डबा बदला, सही घ्या आणि चालते व्हा, कंपनीनं एवढंच शिकवलंय."

"लेक तीन वर्षांपूर्वी घरातून गेली, ती गेलीच. पण रोज चारला तिचा फोन आपल्या वायफायला जोडला जायचा. तिनं फोनला दिलेलं 'चिमणी' हे नाव मला मोबाईलवर दिसायचं. पोलिसांनी हसून वाटेला लावलं."

नेटवाला हसला नाही, पण खोटंही बोलला नाही. "नव्याला नवा पासवर्ड. हातानं टाकल्याशिवाय आता कुणाचाच फोन जोडला जाणार नाही, मावशी."

बाई जळका मोडेम मांडीवर घेऊन बसल्या. ज्या नावाच्या आधारावर तीन वर्षं काढली, ते यानं पेचकसानं उपटलं होतं.

त्यानं पासवर्ड ठरवला आणि सवयीप्रमाणे एकेक अक्षर मोठ्यानं, दोनदा वाचलं. घरात दोघंच होते, आणि बाईंचं लक्ष नव्हतं.

मग त्यानं जोडलेल्या फोनांची यादी उघडली. त्याच्या फोनच्या नावाखाली 'चिमणी' होती. सिग्नलच्या चारही कांड्या भरलेल्या. मोडेमच्या खोलीतच तेवढ्या भरतात.

बाईंनी यादी पाहिली, मग रिकामी खोली पाहिली. "इथंच आहेस, सगळं ऐकतेस, मग बोलत का नाहीस गं?"

कुणी उठून लांब चालत जावं, तशी सिग्नलची एकेक कांडी उतरत गेली.