आधी गोठा

शिट्टी वाजली आणि मी पळत सुटले. पूर आलाय असं समजून बारा मिनिटांत नदीकाठची गल्ली रिकामी करायची, तरच आपत्ती व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मिळणार होतं. माझ्याआधीचे तिघे एकाच दारात नापास झाले होते. तिथं तानूआजी उंबऱ्यावर बसलेली, आणि ती उठेना म्हणून गल्लीही हलत नव्हती.

"आजी, चला. पाणी वाढतंय."

"खोटं पाणी असू दे न्हाईतर खरं, म्हशीला टाकून मी येत न्हाई."

त्या तिघांनी पुस्तकाप्रमाणे तिची समजूत घातली होती. मी सरळ गोठ्यात शिरले आणि म्हैस सोडली.

"आधी माणसं, मॅडम," मागून परीक्षक ओरडले. मी हातातलं दावं घट्ट धरलं.

म्हैस चढाला लागली. तिच्यामागे आजी काठी टेकत, मला शिव्या घालत निघाली. ते बघून शेजारच्यांनीही आपापली जनावरं सोडली. अख्खी गल्ली शाळेच्या मैदानावर पोचली तेव्हा तीन मिनिटं उरली होती. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

परीक्षक धापा टाकत आले. "हे पुस्तकात कुठं आहे?"

"पुस्तकात नाही, साहेब. मागच्या पुरात आम्ही सगळे नावेत बसलो आणि सासरे गायीजवळ थांबले."

पुढं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या नावापुढं 'उत्तीर्ण' लिहिलं. मग पुस्तक उघडून 'आधी माणसं' या ओळीच्या वर पेनानं लिहिलं, 'त्याच्याही आधी गोठा.'