शिकागोची मावशी

दुपारच्या शांततेत मोडेम किरकिरला. सासूबाई झोपल्या की एवढाच तासभर ज्ञानदाचा. अबोलीला मांडीवर घेऊन ती चॅटरूममध्ये शिरली. पहिल्या दिवशी तिथल्या बायकांनी तिला उखाणा घ्यायला लावला होता. सौमित्ररावांचं नाव घेतल्यावर शिकागोच्या एकीनं लिहिलं, "आजपासून मी तुझी मोठी बहीण. मन मोकळं कर." अबोलीची ती मावशीच झाली, आणि ज्ञानदा तिच्यापाशी सगळं बोलत गेली.

"घुसमटतेस म्हणे आमच्या घरात?" दारात सासूबाई उभ्या होत्या. "अगं, कसली शिकागो! साताऱ्याची आपली विदुला ती. उखाण्यात भावाचं नाव दिसलं, तेव्हाच ओळखलं तिनं तुला."

ज्ञानदाचे हात कीबोर्डवरच राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली, "आज गप्प का गं?"

अबोलीनं मान वर केली. "आई, मावशीची आत्या कशी झाली?"