बाबांचं लँडिंग

दोनदा विमान आपटून झालं तेव्हा यतिनने हेडसेट काढला आणि गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला.

“लॉकडाउन हेअरकट?” म्युझियमच्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने विचारलं. आयुष्य हवाई दलात काढून आता तो त्यांच्याच एका निवृत्त जेटचा सिम्युलेटर सांभाळत होता.

“तसंच काहीसं,” यतिन म्हणाला.

“नो वरीज, मेट. सगळेच आपटतात.”

यतिनला लाज वाटत होती, पण आपटण्याची नाही. विमानांचं वेड त्याला नव्हतंच मुळी. ते बाबांना. कराड डेपोत एसटी चालवून रिटायर झालेले प्रल्हादराव. या सिम्युलेटरचं मॅन्युअल त्यांनी नेटवर शोधून पाठ केलं होतं. इथे परदेशात, ब्लॅकटाउनला लेकाकडे येऊन हे विमान स्वतः उडवायचं, असा बेत होता. कोरोनाने बॉर्डर बंद झाली तेव्हा म्हणाले, “मग तू जा, मी शिकवतो.” आणि वर्षभर शिकवत राहिले. हा कुठला ऐकतोय! बाबांचं काही आलं की न ऐकताच अंगठ्याचं चित्र पाठवायचा आणि शिफ्टला पळायचा. निदान आज त्यांचं नीट ऐकायचं आणि एकदा तरी विमान धड उतरवायचं, एवढं ठरवून तो आला होता.

तिसऱ्या खेपेला त्याने फोन समोर टेकवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

“घाई करू नकोस रे,” बाबांचा आवाज आला. “कुंभार्ली घाटात गाडी कशी उतरवतात? दमानं. थ्रॉटल मागे घे.”

यतिनने घेतला.

“डॅड आहेत का?” स्वयंसेवकाने हळूच विचारलं. “त्यांना इथे कधी आणतोस?”

“बॉर्डर बंद आहे,” यतिन समोर बघतच म्हणाला. पुन्हा स्क्रीनवर बोट टेकवलं.

“आता चाकं खाली. धावपट्टीच्या पार टोकाकडे बघ. आणि घाबरतोस काय, मी आहे ना.”

चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. विमान थांबलं.

“फार छान शिकवतात तुझे डॅड,” स्वयंसेवक म्हणाला. “त्यांना माझा नमस्कार सांग.” आणि पुढच्या माणसासाठी सॅनिटायझर आणायला गेला.

यतिन सीटवरच बसून राहिला. न ऐकलेला आता एकच मेसेज उरला होता. त्याने बोट टेकवलं.

“यतिन, आज विमान नाही रे. जरा धाप लागतेय. शेजारचा चारुदत्त म्हणतो, ॲडमिट व्हा. मला वाटतं, दोन दिवस घरीच थांबून बघावं. थांबू ना? तू म्हणशील तसं.”

मेसेज अठरा एप्रिलचा होता, बाबा गेले त्याच्या तीन दिवस आधीचा. त्याच्या खाली यतिनने पाठवलेला अंगठा होता.