ॲनिव्हर्सरीचा केक

केनियाची ही सफारी इरावतीची पहिलीच, आणि शशीचीही, असं तो म्हणाला होता. तरी त्याला सगळं आधीच ठाऊक. "पहाटे जीपमध्ये काकडशील, फ्लीसचं जॅकेट घे. आणि डावीकडे बस, नदी त्या बाजूला आहे."

"तुला कसं रे माहीत?"

"रिव्ह्यूज वाचलेत गं."

फुकटचा केक मिळावा म्हणून शशी कुठल्याही हॉटेलात 'आज आमची ॲनिव्हर्सरी' असं ठोकून देतो. कॅम्पवरही दिलं. वेटर गात-नाचत केक घेऊन आले, इरावतीने हसत व्हिडिओ काढला.

इंग्लंडला, ब्रॅकनेलच्या घरी परतल्यावर तिची मैत्रीण आशा जेवायला आली, तेव्हा तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. तिथल्या गलक्यात विरलेलं म्हाताऱ्या वेटरचं बोलणं आता स्पष्ट ऐकू आलं.

"सर, मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं, तसा मॅडमसाठी बिनअंड्याचाच केलाय."

शशी रिमोट शोधू लागला. इरावतीला रोज सकाळी ऑम्लेट लागतं, आणि ते तोच करून देतो.

इरावतीने टेबलावर वेगळी ठेवलेली वाटी उचलली आणि आशापुढे धरली.

"घे. तुझ्यासाठी मीही बिनअंड्याचंच पुडिंग केलंय."