कोरड्या दिवसांतलं पाणी

गटाराच्या तोंडातून फेस येत होता. कालच्यापेक्षा जास्त. कालचा परवाच्यापेक्षा जास्त होता. तळ्याच्या काठावर उकिडवा बसून बघणाऱ्या पालिकेच्या निरीक्षकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे गटार पावसाच्या पाण्याचं. ऊन पडलेलं असताना त्यातून थेंबही येता कामा नये, इतका साधा नियम. तळं वाचवायचं म्हणून पालिकेने शहरातली जुनी पावसाळी गटारं सुधारायला घेतली होती. तोंडांना जाळ्या बसल्या, गाळ अडवायला हौद बांधले. ज्या घरांचं सांडपाणी चुकून या गटारांत सोडलेलं होतं, ती घरं हुडकून त्यांचे पाइप मैल्याच्या गटाराकडे वळवले. बाकीची तोंडं खडखडीत कोरडी झाली होती. हे एकच काही केल्या ऐकत नव्हतं. साबणाच्या पाण्याने शेवाळ माजलं होतं, आणि काठालगत मासे तोंड वर काढून हवा गिळत होते.

चुकार घर शोधायची रीत सोपी होती. संशय येईल त्या मोरीत रंग ओतायचा, मग तळ्यावर येऊन तो रंग उतरतो का, याची वाट बघत बसायचं. निरीक्षकाला बसायचा कंटाळा नव्हता. बायको गेल्यापासून घरी लवकर परतण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मुलगी रविवारी फोन करायची आणि हवापाण्याची चौकशी करून ठेवायची. सकाळी त्याच्या वाट्याला ठरल्या वेळी येणारं असं हे पाणीच होतं. उजेड पडून जरा वेळ झाला की आधी एक बारीक धार, मग फेस. नियमात बसत नसलं तरी त्याला त्याची सोबत वाटायची. ऑफिसात हे बोलला असता, तर निवृत्त होईपर्यंत त्याला कोणी सोडलं नसतं.

गेल्या आठवड्यात घर सापडलं. गल्लीच्या टोकाचं बैठं घर, मागच्या अंगणात धुण्याचा दगड. एक म्हातारी बाई एकटीच राहत होती. तो तिला काकू म्हणाला.

"काकू, तुमच्या धुण्याचं पाणी थेट तळ्यात जातंय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तिथेच बसलेला असतो रोज. परवा जरा उशिरा आलं, तर मला वाटलं, या घरात कोणी आजारी पडलं की काय."

त्याने हे सहज, गमतीने म्हटलं होतं. काकू मात्र त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पाठवा उद्या माणूस."

दुसऱ्या दिवशी प्लंबर गेला, तर काकूंचं डोकं दुखत होतं, ठोकाठोकी नको होती. त्यानंतर गेला, तर घरात पाहुणे होते. पुढे पाहुणे हलायलाच तयार नव्हते. आणि इकडे फेस रोज वाढत चालला होता. वरिष्ठांनी निरीक्षकाला सुनावलं, की पाऊस तोंडावर आलाय आणि एका म्हातारीपुढे तुम्ही हात टेकलेत.

म्हणून आज तो प्लंबरला घेऊन स्वतःच निघाला.

मागच्या अंगणात दोऱ्या कपड्यांनी वाकल्या होत्या. पुरुषाचे शर्ट, लहान मुलीचे फ्रॉक, चादरी, पडदे.

"पाहुणे भरपूर दिसतायत," प्लंबर पुटपुटला.

दगडाशी काकू अजून घासत होत्या. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. टेबलाशी एकच खुर्ची होती, ओट्यावर एकच कप उपडा घातलेला होता. आत कोणाचीही चाहूल नव्हती. निरीक्षकाने दोरीवरच्या एका शर्टाला हात लावला. कॉलर कोरी करकरीत होती, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून बसलेली घडीची रेघ भिजूनही गेली नव्हती.

"काकू, हे कपडे मळलेले नव्हतेच."

"नव्हते."

"तिकडे मासे मरतायत. मी तुम्हाला समजावून गेलो, माणूस पाठवला, आणि तुम्ही मुद्दाम जास्त धुताय?"

"हो. मुद्दामच."

त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांनी हातातला फ्रॉक पिळून बादलीत टाकला. त्यांची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती, पेरांवर भेगा पडल्या होत्या.

"थोडंसं पाणी असलं तर नजरेतून सुटेल, असं वाटायचं," त्या म्हणाल्या. "जास्त फेस असला की तुम्हाला नीट दिसेल. माशांचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलंच माझं."

त्यांनी बादली बाजूला सरकवली आणि प्लंबरला हाक मारली. "या हो, करा सुरू. पाहुणे गेले सगळे."

प्लंबरने छिन्नी काढली. पहिल्याच घावाला दगडाशेजारचं सिमेंट उडालं. निरीक्षकाचं काम झालं होतं. उद्या हेही तोंड कोरडं दिसणार होतं आणि वरिष्ठ पाठ थोपटणार होते. आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना.

काकू त्याच्या जवळ आल्या. प्लंबरला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज खाली आणला.

"एक विचारते. उद्यापासून तळ्यावर माझं पाणी कुठल्याच दिवशी येणार नाही. मग ज्या दिवशी मी उठणार नाही, तो दिवस तुम्हाला वेगळा कसा कळणार?"